आधी दस्त, मग मोजणी

महाराष्ट्रातून पाहुणे आले की चेन्नईतला त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. कपालीश्वराचे दर्शन, मरीनाचा किनारा आणि कांजीवरम साड्यांची खरेदी. सेवानिवृत्तीनंतर या शहरात राहायला आल्यापासून मी त्यात एका ठिकाणाची आग्रहाने भर घालतो. ते म्हणजे विमानतळाजवळची सेंट थॉमस माउंट ही टेकडी. तमिळमध्ये तिला परंगिमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची टेकडी. उंची जेमतेम ३०० फूट. माथ्यावर एक जुने चर्च आहे आणि आवारात विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याचा अर्धपुतळा आहे. पाहुणे चर्च पाहतात, विमाने पाहतात आणि पुतळ्याकडे पाठ करून फोटो काढतात. महसूल खात्यात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाचे पाय मात्र त्या पुतळ्यापाशीच थबकतात.

१० एप्रिल १८०२ रोजी लॅम्बटनने या टेकडीपासून दक्षिणेला पेरुंबाक्कमच्या दिशेने एक सरळ रेषा मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. १०० फुटांची पोलादी साखळी सुमारे ४०० वेळा टाकून ५७ दिवसांत ती पूर्ण झाली. या एका पायारेषेवर पुढे त्रिकोणामागून त्रिकोण रचत साऱ्या हिंदुस्थानची मोजणी उभी राहिली.

येथे उभे राहिले की मला दोन खरेदीखते आठवतात. एक १८०३ सालचे, अमेरिकेचे. दुसरे त्याहून ११३ वर्षे जुने, आपल्याच मराठी राज्याचे. दोन्ही व्यवहारांत जमीन आधी विकली गेली आणि ती नेमकी केवढी आहे हे नंतर पाहण्यात आले. ज्यांच्या पायाखाली ती जमीन होती, त्यांना तर कोणी विचारलेच नाही. हा क्रम चुकीचा आहे, आणि प्रशासनात तो आजही पुष्कळदा तसाच चालतो, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

प्रथम अमेरिका. देश स्वतंत्र होऊन पुरती तीन दशकेही झाली नव्हती. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना हवे होते ते मिसिसिपी नदीच्या मुखाशी असलेले न्यू ऑर्लिन्स बंदर आणि आसपासचा थोडा प्रदेश, कारण पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा माल तेथूनच बाहेर जाई. त्यांचे वकील पॅरिसला बंदराची बोलणी करायला गेले, आणि नेपोलियनने सारा लुईझियाना प्रांतच विकायला काढला. हैतीतील गुलामांच्या उठावाने त्याचे अमेरिकेतले बेत धुळीला मिळाले होते, आणि इंग्लंडशी पुन्हा युद्ध तोंडावर आल्याने त्याला पैसा हवा होता. ३० एप्रिल १८०३ या तारखेच्या तहाने सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा प्रदेश दीड कोटी डॉलरना विकला गेला. एकराला साधारण तीन सेंट. तरुण राष्ट्राचे क्षेत्रफळ एका सहीने जवळजवळ दुप्पट झाले. गंमत म्हणजे पैशाची सोय करण्यात लंडनची बेअरिंग ही पेढी होती. म्हणजे ज्या इंग्लंडशी लढायला नेपोलियन पैसा उभारत होता, त्याच इंग्लंडच्या सावकारांनी तो उभारून दिला.

असे करण्याचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिला आहे का, ही शंका खुद्द जेफरसन यांना होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि २० ऑक्टोबर १८०३ रोजी सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तह मान्य केला. पण विकत घेतलेल्या मालमत्तेच्या चतुःसीमा कोणत्या? करारात त्या नव्हत्याच. उत्तरेची हद्द १८१८ मध्ये इंग्लंडशी बोलून ठरली, नैर्ऋत्येची १८१९ मध्ये स्पेनशी. आपल्याकडचा एखादा दुय्यम निबंधक असा दस्त नोंदवून घेण्याआधी दहा वेळा विचार करील.

मग पाहणी. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी १४ मे १८०४ रोजी मिसूरी नदीतून पश्चिमेकडे निघाली, पॅसिफिक महासागर पाहून २३ सप्टेंबर १८०६ रोजी परतली. जेफरसन यांना श्रेय द्यायला हवे ते हे की खरेदीची बातमी येण्याआधीच, जानेवारी १८०३ मध्ये, त्यांनी या मोहिमेसाठी काँग्रेसकडे अडीच हजार डॉलर मागितले होते. नद्या, वनस्पती, प्राणी, हवामान, तेथील लोकांच्या भाषा आणि चालीरीती या साऱ्यांची नोंद करण्याचा हुकूम त्यांनी दिला होता, आणि ती नोंद उत्तम झाली. परंतु तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना तुकडीने काय सांगितले? तुमचा पालनकर्ता आता बदलला आहे, एवढेच. विक्रीत ते पक्षकार नव्हते. खरे तर फ्रान्सने विकला तो त्या भूमीवर हक्क सांगण्याचा अधिकार. प्रत्यक्ष जमिनी पुढे अनेक दशके एकेका जमातीकडून तहाने, अल्प मोबदल्याने किंवा बळाने घेतल्या गेल्या. १८२३ मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की मूळ रहिवाशांना फक्त वहिवाटीचा हक्क आहे, खासगी व्यक्तीला जमीन विकण्याचा नाही.

या मोहिमेतली एक बाब मला महसुली नजरेने विशेष बोचते. शोशोनी जमातीची साकागाविया ही तरुणी तान्हे मूल पाठीला बांधून तुकडीबरोबर चालली. तिच्यामुळेच डोंगर ओलांडायला घोडे मिळाले. मोहीम संपल्यावर सैनिकांना प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली. तिच्या दुभाष्या नवऱ्यालाही पगार आणि ३२० एकर मिळाले. तिच्या नावाने काहीही झाले नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क याच्याही नावाने नाही. खातेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव येते आणि कोणाचे येत नाही, हा प्रश्न फक्त आपल्या सातबाऱ्याचा नाही.

आता घरचे उदाहरण. चेन्नईच्या दक्षिणेला कडलूर गावाजवळ देवनांपट्टिनम् येथे समुद्रकाठी एक लहान किल्ला होता. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतल्यावर हा मुलूख मराठ्यांकडे आला. १६८९ च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीला पोहोचले तेव्हा स्वराज्यावर अस्तित्वाचे संकट होते. मोगली फौजा पाठीवर होत्या आणि खजिना रिता होता. अशा वेळी, १६९० मध्ये, तो किल्ला इंग्रज कंपनीला विकण्यात आला. मद्रासच्या बाजूने व्यवहार केला गव्हर्नर एलिहू येल याने. हा जन्माने बॉस्टनचा, म्हणजे अमेरिकेचाच, आणि तिथले प्रसिद्ध येल विद्यापीठ त्याच्याच नावाचे.

किल्ल्याबरोबर किती जमीन द्यायची? ठरले असे की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जेथे पडेल तेथपर्यंतची सर्व गावे इंग्रजांची. मद्रासकरांनी लांब पल्ल्याची तोफ पाठवली आणि ती कशी भरावी, कशी डागावी हे गोलंदाजाच्या कसबावर सोपवले. वेगवेगळ्या दिशांना गोळे सुटले. त्यांच्या टप्प्यात कडलूर शहरही आले. ती गावे पुढे ‘गोळ्याची गावे’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. जगाच्या इतिहासात मोजणीचे असे साधन क्वचितच वापरले गेले असेल. विक्रेत्याने मोजणी खरेदीदाराच्या गोलंदाजावर सोडली, एवढेच म्हणून मी थांबतो. मोजणी कोणाच्या हातात आहे, यावर व्यवहाराचा अर्धा निकाल ठरतो, हे प्रत्येक तलाठ्याला ठाऊक असते.

या विक्रीवर आज घरी बसून टीका करणे सोपे आहे. जिंजीत त्या दिवसांत जे निर्णय झाले ते जगण्यामरण्याचे होते, आणि जिंजीने पुढे आठ वर्षे मोगलांना अडकवून धरले हेही खरे. पण परिणाम काय झाला तेही पाहिले पाहिजे. त्या किल्ल्याला इंग्रजांनी सेंट डेव्हिड हे नाव दिले. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा कंपनीचा दक्षिणेतला सारा कारभार याच किल्ल्यात हलला आणि तेथूनच ती पुन्हा उभी राहिली. ही विकत घेतलेली जागा नसती तर तिला पाय टेकायला ठिकाण कोठे मिळाले असते, कोण जाणे.

हा धोका आपल्या प्रशासकांना कळत नव्हता असे मुळीच नाही. सन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत, यांना समुद्रकाठी किंवा किल्ल्याजवळ जागा देऊ नये, वखारीला द्यायचीच झाली तर आतल्या मुलखात आणि सखल ठिकाणी द्यावी, असा त्याचा आशय आहे. भूमिदानाच्या अटींचा इतका नेमका विचार त्या काळात अन्यत्र फार आढळणार नाही. फक्त तो कागदावर उतरला तेव्हा देवनांपट्टिनम् विकून पंचवीस वर्षे होऊन गेली होती. शहाणपण उशिरा येणे हा प्रशासनाचा जुना आजार आहे.

आता पुन्हा टेकडीवर येऊ. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपूचा मुलूख हाती आला, आणि आपण काय मिळवले आहे हे कंपनीला पाहावेसे वाटले. म्हणजे येथेही क्रम तोच. २३ एप्रिल १८०० रोजी फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकमाने मद्रासहून पश्चिमेकडे निघाला आणि म्हैसूर, कानडा, मलबार पालथा घालून पुढच्या वर्षी परतला. पिके, नांगर, विणकर, बाजारभाव, जातीपाती, सारे त्याने टिपून ठेवले. लुईस आणि क्लार्क निघण्याच्या चार वर्षे आधीचा हा प्रवास, आणि प्रश्नावलीही बरीचशी तशीच. पाठोपाठ लॅम्बटनचे त्रिकोण पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेला मंगळूरपर्यंत गेले. तेव्हा कळले की नकाशावर ४०० मैल दाखवलेली द्वीपकल्पाची रुंदी प्रत्यक्षात ३६० मैलच आहे. जिंकलेल्या मुलखातले ४० मैल केवळ कागदावर होते!

लॅम्बटनही अमेरिका पाहून आला होता. तेथील स्वातंत्र्ययुद्धात १७८१ मध्ये तो यॉर्कटाउनला कैद झाला आणि सुटल्यावर कॅनडात जमिनी मोजत होता. येथे त्याने आयुष्याची वीस वर्षे मोजणीला दिली. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे सरफोजी राजांच्या मराठी राजधानीत, बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवताना त्याचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र दोर तुटून आदळले. नवे मागवण्याची वाट न पाहता त्याने स्वतः ते काही आठवड्यांत दुरुस्त केले. जानेवारी १८२३ मध्ये काम करता करताच तो वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तेथेच आहे. कामावरची अशी निष्ठा शिकण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण त्याची मोजणी पृथ्वीचा आकार आणि ठिकाणांचे अंतर सांगत होती. शेत कोणाचे, हे ती सांगत नव्हती.

ते काम महसुली मोजणीचे. मद्रास इलाख्यात थॉमस मन्रो याने शेतवार मोजणी आणि रयतेच्या नावाने नोंद हा आग्रह धरला. आपल्याकडे प्रिंगलची मोजणी फसल्यानंतर १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तोच मार्ग सुधारून घेतला. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा आपला हिशोब त्या साखळीचाच वारसा. परंतु या मोजणीचा हेतू सारा वसूल करणे हा होता. ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती तिच्या लेखी निरुपयोगी. आपण तिला पड किंवा पोटखराबा म्हणतो. तमिळमध्ये शब्द आहे पुरंबोक्कु, म्हणजे साऱ्याच्या हिशोबाबाहेरची जमीन. गुरचरण, तळे, ओढा, पाणथळ, खारफुटी, मिठागर, सारे त्यात आले. आणि आज चेन्नईच्या रस्त्यावर पुरंबोक्कु ही शिवी आहे. कवडीमोलाचा माणूस, असा तिचा अर्थ. महसुली दप्तरातला एक रकाना लोकांच्या तोंडी शिवी होऊन बसावा, याहून त्या दप्तरावर कडक टीका दुसरी कोणती?

लॅम्बटनची रेषा जिकडे गेली तिकडे आज पाहिले तर इमारतींच्या मागे पळ्ळीकरणैची पाणथळ दिसते. तिला अनेक वर्षे ओसाड जमीन समजून तेथे शहराचा कचरा टाकला, रस्ते काढले, कार्यालये बांधली. मूळ विस्ताराचा फार थोडा भाग उरला. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नई बुडाली तेव्हा ही जमीन ओसाड नव्हती, ती शहराचे पाणी शोषणारी जागा होती, हे अनेकांच्या ध्यानात आले. २०२२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. म्हणजे लॅम्बटनने शेजारून साखळी ओढल्यावर २२० वर्षांनी या जमिनीचा खरा उपयोग आंतरराष्ट्रीय नोंदीत आला.

आणि रेषेच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंबाक्कमला, काय आहे? शहरातल्या नदीकाठच्या झोपड्यांतून उठवलेल्या हजारो कुटुंबांची पुनर्वसन वसाहत. नदीकाठ हा पुरंबोक्कु, त्यामुळे तेथे दोन-तीन पिढ्या राहूनही हातात पट्टा नाही. पुराच्या धोक्यातून त्यांना हलवणे आवश्यक होते, हे मी मान्य करतो. पण रोजगार शहरात, शाळा शहरात आणि घर वीस-पंचवीस किलोमीटर दूर, ही व्यवस्था त्यांना आधी विचारून केली असती तर तिचा नकाशा बहुधा वेगळा झाला असता.

हे मी दुरून बोलत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पाझर तलावाच्या भूसंपादनाची फाइल माझ्याकडे होती. बुडीत क्षेत्रातला एक तुकडा अभिलेखात ‘पड’ होता. मी कार्यालयात बसून त्यावर सही केली. पुढे जागेवर गेलो तेव्हा तेथे बांध घातलेले वावर, चार आंब्याची झाडे आणि एक म्हातारी उभी होती. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “साहेब, सहीच्या आधी आला असता तर सावलीत बसवलं असतं.” तिला झाडांचे पैसे मिळवून द्यायला मला तीन वर्षे लागली, आणि त्यात चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती. चालायचे काम मी सहीनंतर केले होते.

२०१३ चा भूसंपादन कायदा या दृष्टीने १८९४ च्या कायद्याहून पुष्कळ पुढे गेला. अधिसूचनेपूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास त्याने आवश्यक ठरवला, आणि मालक नसलेल्या कुळाला, शेतमजुरालाही बाधित कुटुंब मानले. परंतु घाईच्या कामात सूट मिळवण्याची आणि अभ्यास उरकून टाकण्याची वृत्ती आपल्या हाडात आहे. म्हणून माझ्या अनुभवातून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, कोणत्याही संपादनाच्या प्रारंभिक कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः ती जमीन पायी पाहिल्याची तारीख त्याच कागदावर लिहावी. दुसरी, अभिलेखात नाव नसलेल्या प्रत्यक्ष वापरकर्त्यांची, विशेषतः स्त्रियांची, वेगळी यादी गावातच वाचून दाखवून तयार करावी. तिसरी, पड आणि पुरंबोक्कु हे रकाने मोडून त्या जमिनीचे काम काय ते लिहावे: पाणी मुरते, गुरे चरतात, जळण मिळते, मासळी वाढते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र वरून छप्पर दिसते, छपराखाली कोणाचा हक्क आहे ते खाली उतरूनच विचारावे लागते.

शेवटी घरापासून दूर राहणाऱ्या माझ्या वाचकांसाठी दोन शब्द. आपल्यापैकी अनेकांचे गावाकडे वडिलोपार्जित चार-दोन एकर असतात. आता सातबारा संगणकावर दिसतो, आणि तो पाहून आपण निश्चिंत होतो. पण नोंदणी झालेला दस्त व्यवहार झाल्याचे सांगतो, मालकीची हमी देत नाही, हे आपल्या कायद्याचे वास्तव आहे. ती जमीन कोण कसते, बांधावरचे झाड कोणी लावले, विहिरीवर कोणाचे पाणी चालते, हे पडद्यावर उमटत नाही. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा बांधावरून चालून या. जो माणूस तेथे राबतो आहे त्याच्याशी आधी बोला. विकायची, वाटायची की ठेवायची, ते त्यानंतर ठरवा.